शेवटच्या पेपरपर्यंत

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की मानपाडा रोडवरच्या झेरॉक्सवाल्यांना मान वर करायला सवड नसते. हॉल तिकिटाच्या चार-चार प्रती, अपेक्षित प्रश्नसंच, कुणाच्या तरी मावसभावाने पाठवलेली ‘हे येणारच’ अशी यादी. दुकानाच्या दारात पारदर्शक पाउच आणि क्लिपवाले पॅड टांगलेले असतात आणि आया ते पॅड दाबून दाबून बघत असतात, भाजीवाल्याकडे दुधी बघावा तसे. सकाळी हवेत अजून थोडा गारवा असतो, अकरानंतर ऊन चावायला लागतं. सोसायटीच्या मागची सावर पानं टाकून नुसत्या लाल फुलांवर उभी असते आणि साळुंक्या दिवसभर तिच्यावर भांडतात. गच्चीत कुणाचे तरी साबुदाण्याचे पापड वाळत पडलेले असतात. आणि सगळ्या इमारतींमधून टीव्हीचे आवाज एकदम खाली आलेले असतात, कारण प्रत्येक जिन्यावर निदान एक दहावी किंवा बारावी असतेच.

मला हे दिवस फार आवडायचे. सव्वीस वर्षं मी घरात दहावीच्या गणित-विज्ञानाचा क्लास घेतला. लोकांचे गणपती, लोकांची दिवाळी, माझा सण मार्चातला. पेपर सुटायच्या वेळी मी शाळेच्या गेटवर हजर असायचे आणि पोरं बाहेर आली की त्यांच्या हातातली प्रश्नपत्रिका हिसकावून घ्यायचे. पोरं मार्क मोजत बसायची, मी पेपर काढणाऱ्याची लायकी मोजत बसायचे. नवरा म्हणायचा, तुला कुणी तरी एकदा दहावीला परत बसवा म्हणजे तुझा आत्मा शांत होईल.

तीन वर्षांपासून मात्र दुकानात ते पाउच टांगलेले दिसले की मी मागे फिरते. परवाही तसंच झालं. कोथिंबीर घ्यायला गेले होते, ती न घेताच परत आले.

मागेच एमआयडीसीतले केमिकलचे कारखाने, त्यामुळे आमच्या भागातल्या हवेला वास असतो. बाहेरच्या माणसाला तो पहिल्या श्वासात कळतो, आम्हाला मुळीच कळत नाही असं नाही, पण आम्ही त्याचं हवामान करून टाकलं आहे. आज कोबी कुजलाय. आज नेलपॉलिश. आज काहीतरी गोडसर आहे, म्हणजे नक्की वाईट आहे. थंडीत संध्याकाळी तो खाली उतरतो आणि घराघरात धडाधड खिडक्या लागतात. माझ्या क्लासची वेळ नेमकी तीच, सहा ते आठ. हॉलमध्ये सतरंजीवर अकरा मुलं, मी खुर्चीवर, मागे भिंतीला फळा. कुणीतरी नाक मुरडायचं, “मॅडम, कंपनीने सोडलं,” आणि मी म्हणायचे, “लाव रे खिडकी, दारही ओढून घे.” मग दोन तास आम्ही बाराजण त्या बंद खोलीत एकच हवा आतबाहेर करत बसायचो. पंखा ती सगळ्यांना सारखी वाटायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला खोकला लागला. आमच्याकडे खोकला लागला तर कुणी विचारत नाही की का लागला. कंपनीचा खोकला, दुसरं काय. शेजारच्या कुलकर्ण्यांना आहे, वॉचमनला आहे, वरच्या मजल्यावरच्या बाळाला आहे. त्यात मी खडूवाली. फॅमिली डॉक्टर रस्त्याच्या कोपऱ्यावर बसतात, त्यांनाही तो होता. ते स्वतः खोकत म्हणाले, “हवाच अशी आहे हो,” आणि बाटली लिहून दिली. ती संपल्यावर दुसरी दिली. डिसेंबरात पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, जानेवारीत आणखी पाच दिवसांच्या. ब्लाउज ढिले व्हायला लागले, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. हळदीकुंकवाला दोघी-तिघींनी विचारलं, “काय करता हो? आम्हालाही सांगा.” मी आपली रात्री भात सोडल्याचं खोटंच सांगितलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ते मी वयावर ढकललं.

आणि याच जानेवारीत मी दुपारी वेगळ्या येणाऱ्या आठवीच्या दोन मुलींना ‘आरोग्य व रोग’ शिकवत होते. क्षय, दोन मार्कांना येतो. कशामुळे होतो, कसा पसरतो, लक्षणे कोणती. मी खोकत खोकत त्यांच्याकडून पाठ करून घेतलं: बरेच दिवस राहणारा खोकला, वजन घटणे, संध्याकाळी ताप. त्यातल्या एकीने ताप लिहिला नाही म्हणून मी तिचा अर्धा मार्क कापला. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

दहावीच्या त्या अकरा मुलांत श्रावणी होती. वडील एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्टला, आई सरिता घरी शिवणकाम करते, गाव लांज्याकडचं. पोरगी हुशार म्हणावी अशी नव्हती, पण एकदा समजलं की ते तिच्या हाडात जायचं. ती कायम माझ्या खुर्चीला खेटून बसायची, कारण फळ्यावरचं उतरवताना तिला मला मधेच अडवून प्रश्न विचारायचे असायचे. मला उबळ आली की हीच उठून स्वयंपाकघरात जायची, पातेल्यात पाणी कोमट करायची आणि पेला माझ्या हातात द्यायची. “मॅडम, ओवा चावा. माझी आजी चावते.” मग माझा खोकला थांबेपर्यंत पाठीवरून हात फिरवायची. बाकीचे दहाजण तेवढ्यात गप्पा मारून घ्यायचे. मी खोकायचे, ती वाकून बघायची, तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर.

मला किती वेळा वाटतं की ती आळशी असती तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर आमचे डॉक्टर गावी गेले होते आणि त्यांच्या खुर्चीत एक तरणी डॉक्टर बसली होती. तिने माझी फाईल उलटसुलट केली आणि विचारलं, “तीन महिने झाले? आणि एकही एक्स-रे नाही?” मला तिचा रागच आला. कल्याणला जाऊन एक्स-रे काढला. मग सरकारी दवाखान्यात एक छोटी डबी मिळाली, सकाळी उठल्या उठल्या तीत खोकून आणायचं. मी आणली. खिडकीतल्या मुलीने झाकण उघडून बघितलं आणि परत माझ्या हातात दिली. “मॅडम, ही थुंकी आहे. बेडका पाहिजे, छातीतला. उद्या परत आणा.” जन्मात पहिल्यांदाच माझा पेपर तपासणाऱ्याने परत केला होता. दुसऱ्या दिवशी मी नीट आणला. संध्याकाळपर्यंत मशीनने सांगितलं की टीबी आहे, आणि नेहमीच्या गोळ्यांनी बरा होणारा आहे.

“नशीब तुमचं,” सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या. सहा महिने गोळ्या, वजनावर ठरलेल्या, रोज, न चुकता. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. पहिले काही दिवस लोकांत मिसळायचं नाही, मास्क लावायचा, घराच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. मी वहीत लिहून घेतलं. खिडक्या या शब्दाशी माझं पेन थांबलं, तेव्हा मला सगळं कळलं.

क्लास मी त्याच दिवशी बंद केला. एवढं तरी केलं. मुलांना सांगितलं, मला कावीळ झाली आहे, आता शंका फोनवर. तशीही पेपरांपूर्वीची सुट्टी लागत आली होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

चार दिवसांनी नूतन आली. ही आमच्या भागातली टीबीची आरोग्यसेविका, भोपरची, आगरी घरातली. स्कूटी खाली लावून जिना चढली, माझ्या गोळ्या मोजल्या, नवऱ्याचा एक्स-रे कधी काढायचा ते सांगितलं. मग पर्समधून फॉर्म काढून म्हणाली, “घरातलं झालं. आता कलासची पोरं. नावं सांगा बाई.”

मी म्हटलं, “कशाला?”

“कशाला म्हंजे? दोन-दोन तास तुमच्यासंगती बसलेली ना? कुनाला काय होतंय का बघू. ज्याला नाय, त्याला आधीच गोळ्या देऊ, म्हंजे आत शिरला असंल तर तितंच मरंल. तुमी शिकलेल्या, मी तुमाला काय सांगू?”

मला सगळं समजत होतं, तेच तर वाईट आहे. मला हे माहीत होतं की जंतू आत शिरून कितीतरी काळ नुसता पडून राहू शकतो आणि औषधाने तो उठायच्या आधीच संपवता येतो. मी म्हटलं, “नूतन, पहिली तारीख आली. पेपर सुरू होतील. आत्ता या अकरा घरांत फोन केला तर काय होईल माहीत आहे का? हातात पॅड घेऊन पोरं तुझ्या दवाखान्याच्या रांगेत उभी राहतील. सेंटरवर कळलं तर बाकावर शेजारी कुणी बसणार नाही. त्या गोळ्यांनी मळमळलं तर? वर्ष जाईल गं. पेपर होऊ देत. शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी नावं देते.”

नवऱ्यानेही मान डोलावली. तो बँकेत ठाण्याला तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला, कुठलीही गोष्ट मार्च संपल्यावर करायची ही त्याची जुनी सवय.

नूतनने फॉर्म घडी करून ठेवला. “मी कुनाच्या घरी जाऊन बोंब मारनार नाय, बाई. गुपचूप येईन. तरी पन नाय?” ती त्यानंतर आणखी तीनदा आली. प्रत्येक वेळी तेच विचारलं आणि प्रत्येक वेळी मी तिला चहा दिला.

ते पेपरांचं कारण खोटं नव्हतं. पण ते एकटंच होतं असंही मी आता म्हणणार नाही. सव्वीस वर्षांचा माझा क्लास होता, बाहेर पाटी न लावता चाललेला. “त्या मॅडमकडे घाला, डोळे मिटून,” असं लोक म्हणायचे. तिथे आता लोक काय म्हणतील, हे मला दिसत होतं. मला लाज वाटत होती. टीबी हा आपल्यासारख्यांना होत नाही असं मी कधी बोलले नव्हते, पण मानत होते. मी पोरांच्या भविष्याच्या आड लपले आणि ती जागा लपायला इतकी चांगली होती की मला स्वतःलाही मी सापडले नाही.

मार्च सुरू झाला. सकाळी उपाशीपोटी गोळ्या, मग तासभर मळमळ, मग गॅलरीत बसून खालून जाणारी परीक्षेची गर्दी बघणं. गंध लावलेली, हातावर दही-साखर घेतलेली पोरं, रिक्षात शेवटच्या मिनिटापर्यंत पुस्तक उघडं. आया मागून पाण्याची बाटली घेऊन पळणाऱ्या. मी त्या वर्षी कुठल्याही गेटवर गेले नाही. पेपर सुटले की पोरं फोन करायची आणि मी मास्क काढून अगदी ठणठणीत आवाजात बोलायचे.

बीजगणिताच्या आदल्या दिवशी श्रावणीचा फोन आला. एक शंका विचारली, मी सांगितली. मग म्हणाली, “मॅडम, डोकं खूप दुखतंय चार दिवस. संध्याकाळी अंगही गरम लागतं. पण सगळं झालंय माझं.”

मी विचारलं, “खोकला आहे का गं?”

“नाही मॅडम, अजिबात नाही.”

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेसुद्धा. खोकला नाही म्हणजे ते नाही. टीबी म्हणजे छाती, छाती म्हणजे खोकला, एवढंच माझं दोन मार्कांचं ज्ञान. तो मेंदूच्या आवरणात जाऊन बसतो आणि तिथे बसला की खोकला येत नाही, डोकं दुखतं, हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, “टेन्शनने होतं. सगळ्यांनाच होतं. लिंबूपाणी घे आणि आज दहाला झोप.” ती बरं म्हणाली.

हा फोन मी मनात इतक्यांदा परत घेतला आहे. दर वेळी मी काहीतरी वेगळं बोलते. कधी कधी ती माझं ऐकते आणि लगेच दवाखान्यात जाते, मग मला झोप लागते.

शेवटचा पेपर भूगोलाचा. त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि अकरा घरांत, शिवाय आठवीच्या त्या दोघींकडे फोन केले. बोललेला शब्द पाळला, बघा. एका वडिलांनी मला काय काय सुनावलं, एकांनी फोन ठेवून दिला, दोघांनी शांतपणे दवाखान्याचा पत्ता विचारला. सरिताने फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी सांगितलं. तिने नळ बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, “मॅडम, श्रावणी परवापासून उलट्या करतेय. आज पेपर लिहून आली तेव्हा रिक्षातून उतरताना तिला आमचा जिनाच ओळखू येईना. उन्हाने असेल ना?”

रात्री तिला आकडी आली. पहाटे तिला ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि सरिताने दारातच डॉक्टरांना सांगितलं की तिच्या क्लासच्या मॅडमना टीबी आहे. त्यामुळे कुणी इकडेतिकडे शोधत बसलं नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि त्याच दिवशी औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

मला लोकांत जायला परवानगी मिळालेली होती. चौथ्या दिवशी मी बसने ठाण्याला निघाले. शीळफाट्याला ट्रेलरांची रांग लागली होती आणि आमची बस पाऊण तास एकाच जागी उभी राहिली. बाहेर धूळ, ऊन, कलिंगडाच्या गाड्या. माझ्या पिशवीत शहाळी होती. मी त्या पाऊण तासात देवाला म्हटलं की या बसचं पुढे जाणं तुझ्या हातात नसेल तर राहू दे, पण ती पोरगी मात्र हातात ठेव. मी देवाशी असं बोलणारी बाई नाही.

ती कॉटवर कुशीवर होती, केस कुणीतरी दोन वेण्यांत घट्ट बांधलेले. मी “श्रावणी” म्हटलं. तिने बघितलं नाही. मी परत जरा मोठ्याने म्हटलं. सरिता माझ्याकडे बघून म्हणाली, “ऐकू येत नाहीये तिला, मॅडम. कालपासून.”

तिथल्या तरुण डॉक्टरांना मी व्हरांड्यात गाठलं. विचारलं, हे माझ्याकडूनच ना? त्या थकलेल्या होत्या, पण थांबल्या. म्हणाल्या, “सांगता नाही यायचं. पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू इतके कमी असतात की वाढवून बघितलं तरी वाढत नाहीत. तुमच्याकडून असेल. बसमधल्या कुणाकडून असेल.”

“महिनाभर आधी तपासलं असतं तर?”

“कदाचित कळलं असतं. कदाचित नसतंही.” मग माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि वॉर्डात निघून गेल्या.

मला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. किंवा नाही. आयुष्यभर मी उत्तर शेवटी दिलेल्या पुस्तकांतून शिकवलं. इथे शेवटचं पानच नाही आणि मी तिथे किती वेळा बोट फिरवून आले आहे.

दहावीचा निकाल लागला तेव्हा श्रावणी घरी आली होती. गणितात एक्याण्णव. सरिताने तो तिला वहीत लिहून दाखवला. तिने तो वाचला आणि आईच्या हातातून पेन घेऊन खाली लिहिलं, भूगोल किती? तो पेपर तिने तसल्या डोक्याने लिहिलेला होता आणि तिला त्यातलं काही आठवत नव्हतं.

तिची औषधं वर्षभर चालली. माझी सहा महिन्यांतच संपली. शेवटच्या डबीला मशीनने काही नाही असं सांगितलं, तेव्हा नूतनने मला पेढा दिला आणि मी तो तिच्यासमोर खाल्ला. बाकीच्या दहा मुलांपैकी ज्यांच्या घरच्यांनी ऐकलं त्यांची तपासणी झाली, गोळ्याही झाल्या. ज्यांनी नाही ऐकलं त्यांचंही काही झालं नाही, निदान अजून तरी. डावा कान श्रावणीचा गेला तो गेलाच. उजव्याला यंत्र लावलं की थोडं येतं. एक वर्ष घरी बसून तिने अकरावीला कॉमर्स घेतलं.

क्लास माझा आता चार मुलांचा. जे पूर्वी डोळे मिटून पाठवायचे त्यांनी डोळे उघडले, त्यात त्यांची चूक काय? खिडक्या सताड उघड्या असतात. पोरं नाक मुरडतात, मी म्हणते वास सहन करा. हवा वाईट आहे आणि तीच आत घ्यायची आहे, याच्यापलीकडे माझ्याकडे सांगायला काही उरलेलं नाही. मला साधं सर्दीने जरी खोकायला झालं तरी चौघं एकदम माझ्याकडे बघतात आणि मी उठून गॅलरीत जाते.

या सगळ्यात एक गोष्ट मला झेपत नाही, ती म्हणजे सरिताचं कौतुक. तिचे आभार. गेली तीन वर्षं ती भेटेल त्याला सांगते, “मॅडमनी स्वतःहून फोन केला म्हणून माझी पोरगी वाचली. दुसरं कुणी असतं तर लपवलं असतं.” नातेवाइकांसमोर सांगते, नवऱ्यासमोर सांगते, रिक्षा स्टँडवर उभी राहून सांगते. दर मे महिन्यात गावाहून आली की माझ्यासाठी कोकमाचं आगळ आणते. मी ती बाटली फ्रिजमध्ये मागे ठेवते. तिला वाटतं मला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी मी तिला सांगितलं. मधे गेले अडतीस दिवस. मी मोजले आहेत, तेवढं तर मला येतंच.

यंदा श्रावणीची बारावी. कॉमर्सचं गणित मी तिच्यासाठी नव्याने शिकले, या वयात. आठवड्यातून तीन दुपारी ती येते. तिच्याशी बोलायचं तर समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. सव्वीस वर्षं मी फळ्याकडे तोंड करून बोलत शिकवलं, आता ती सवय मोडली. पोरगी अजूनही तशीच आहे, समजलं की हाडात जातं.

गेल्या गुरुवारी ती हॉलमध्ये सराव पेपर सोडवत बसली होती. पंख्याच्या घरघरीने यंत्र शिटी मारतं, म्हणून लिहिताना ती ते काढून पाउचमध्ये ठेवते. सरिता तिला न्यायला लवकर आली. मी चहा टाकला. आमचं स्वयंपाकघर हॉलला लागूनच, मधे दारही नाही. सरिता ओट्याला टेकून उभी राहिली, मुलीकडे बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही होतात म्हणून आज ही पेपर लिहितेय.”

मी साखरेचा डबा बाजूला ठेवला. मला वाटलं, बस झालं. ही बाई मला माफ न करता माझे आभार मानत राहणार आणि मी ते घेत राहणार. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, “सरिताताई, मला फेब्रुवारीतच कळलं होतं. पेपर सुरू व्हायच्या आधी. ती दवाखान्यातली नूतन नावं मागत होती, मी दिली नाहीत. शेवटचा पेपर होईपर्यंत गप्प बसले. श्रावणीने मला डोकं दुखतंय म्हणून फोनवर सांगितलं होतं, तरी गप्प बसले.”

बोलून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं नाही. चहा भांड्यात खाली बसत होता.

“माहितीये मला,” सरिता म्हणाली.

मी बघितलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

“मी तेव्हा सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेलेले त्या दवाखान्यात. तुम्ही शेवटच्या खिडकीसमोर बसलेलात, मास्क लावून. ती खिडकी कसली ते मला माहितीये, माझ्या काकाला तिथूनच मिळायच्या टीबीच्या गोळ्या. मी खांबामागे सरकले. म्हटलं, मॅडमना लाज वाटेल.”

“मग?”

“मग काय. घरी आले. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तिला त्याच दिवशी तपासायला उचलून नेलं असतं. पहिला पेपर चार दिवसांवर आलेला. म्हटलं, होऊन जाऊ देत पेपर.” ती पदराशी चाळा करत थांबली. “ती डोकं दुखतंय म्हणायची आणि मी बाम चोळायचे, मॅडम. माहीत असून चोळायचे. तुमचा फोन आला ना त्या दिवशी, मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, आता हे तुमच्याकडून कळलं. मला कुणाला काही सांगायला नको. म्हणून तर मी सगळ्यांना तुमचं नाव सांगत सुटते.”

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण माझे हात जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात श्रावणीने पेपरातून मान वर केली. आईचा चेहरा तिला दिसला. ऐकू येत नसलं की ती मोठ्याने बोलते, तशी मोठ्याने म्हणाली, “काय झालं? काय बोलताय दोघी?”

आम्ही दोघी तिच्याकडे वळलो, तिला ओठ दिसतील असं तोंड केलं आणि एकदमच म्हणालो, “काही नाही. तू पेपर सोडव.”